न पोचलेले टपाल

नरकचतुर्दशीच्या पहाटे परसदारी तांब्याचा बंब पेटला पाहिजे, ही आमच्या घरची आजोबांपासूनची रीत. न्हाणीघरात गिझर आला त्याला बरीच वर्षे झाली. पण त्या एका पहाटेपुरती बंबाला काही सुट्टी मिळत नाही. चिंचेने घासून लखलखीत केलेले तांबे, नळीतून वर चढणारा धूर, उटण्याचा वास आणि "अरे, उठलात की नाही?" ही अण्णांची हाक, एवढे जमून आल्याखेरीज मला दिवाळी आल्यासारखे वाटतच नाही.

तीन वर्षांपूर्वीची पहाट अशीच सुरू झाली. आईने अण्णांना तेल-उटणे लावले. मी बंबाची तोटी सोडून घंगाळ निम्मे भरले आणि विसण आणायला हौदाकडे वळलो. तेवढ्यात अंगणातून मुलीने हाक मारली. तिचा आकाशकंदील वाऱ्याने विजेच्या तारेपाशी जाऊन अडकला होता. एवढा सोडवून येतो म्हणून मी गेलो. दोन-तीन मिनिटांचेच काम. पण थांबणे अण्णांना ठाऊक नाही. तीस वर्षे पोस्टमन म्हणून वाड्यावस्त्यांवर पायी टपाल वाटलेला माणूस. वेळ मोडली की त्यांच्या जिवाची घालमेल होते. त्यांनी घंगाळातून पाणी घेतले आणि जन्माच्या सवयीप्रमाणे आधी पायांवर ओतले. एकदा, दोनदा, तीनदा. आणि परसातून त्यांचा आवाज आला :

"अरे, पाणी अगदीच कोमट काढलंस की रे! आणखी थोडं कढत घाल."

मी धावत आलो. विसणाची बादली हौदापाशी रिकामीच होती. आईने दिवा पुढे धरला तेव्हा दिसले की अण्णांची दोन्ही पावले लालबुंद झाली आहेत. आणि अण्णा आमच्या तोंडाकडे पाहत होते. आम्ही एवढे कशाने घाबरलो, हे त्यांना कळत नव्हते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले, "साखरेनं पायांच्या नसा गेल्यात." अण्णांना साखर होती त्याला बारा वर्षे झाली होती. गोळ्या चालू होत्या, रक्त तपासले जात होते. पण ज्या दवाखान्यात ते जात, तिथे त्यांना चपला काढून पाय दाखवायला कोणी सांगितले नव्हते, आणि घरात आम्हीही कधी विचारले नव्हते. जखमा भरायला अडीच महिने लागले. डाव्या पायाची करंगळी मात्र वाचली नाही.

त्या अडीच महिन्यांत, ड्रेसिंगच्या वाऱ्या करता करता, मला एकाच प्रश्नाने घेरले. पाणी कढत होते. कातडे भाजले. म्हणजे जे व्हायचे ते पायापाशी सगळे झाले. मग त्याची बातमी गेली कुठे? ती निघालीच नाही, की वाटेत हरवली? मुळात अशी बातमी निघते तरी कशी? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. धंदा मास्तरकीचा, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा. कादंबऱ्यांतून मी माणसांच्या 'संवेदना' डझनावारी वर्णन केल्या. पण संवेदना ही वस्तू काय आहे, हे मला ठाऊक नव्हते. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना भंडावून सोडले, वाचनालयातून पुस्तके आणली, आणि हळूहळू माझ्यापुढे साडेतीनशे वर्षांची एक कथाच उलगडली. ती यंदाच्या दिवाळीला वाचकांना सांगावी म्हणतो.

*

माझी आधीची समजूत अशी होती की पायाला चटका बसला की आतून कुठलीशी दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. पुढे वाचताना लक्षात आले, की ही समजूत काही माझ्या एकट्याची नव्हे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने हेच लिहून ठेवले होते. त्याच्या मृत्यूनंतर १६६२ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात विस्तवाजवळ पाय गेलेल्या माणसाचे चित्र आहे. विस्तवाचे कण कातडीला धक्का देतात, पायापासून मेंदूपर्यंत गेलेला बारीक धागा ओढला जातो आणि मेंदूतले एक छिद्र उघडते, असे त्याचे म्हणणे. दोरी खोटी निघाली. पण पायापासून मेंदूपर्यंत काहीतरी जावे लागते, आणि त्याचा माग यंत्रासारखा काढता येईल, हा विचार खरा होता.

ते 'काहीतरी' काय, याचा पहिला सुगावा बेडकाच्या तंगडीने दिला. इटलीतल्या बोलोन्या शहरी लुइजी गॅल्व्हानी हा शरीरशास्त्राचा अध्यापक होता. मेलेल्या बेडकाच्या पायातील तंतूला पात्याचे टोक लागलेले असताना शेजारच्या विद्युत्‌यंत्रातून ठिणगी उडाली, आणि तो निर्जीव पाय झाडला गेला! गॅल्व्हानीने पुढे कित्येक वर्षे हाच नाद धरला आणि १७९१ साली जाहीर केले, की प्राण्याच्या अंगातच वीज असते. पाव्हियाच्या व्होल्टाला हे पटेना. त्याचे म्हणणे, वीज बेडकात नाही. तुम्ही त्याला जे दोन निराळे धातू लावता, त्यांच्यात आहे. हे सिद्ध करण्याच्या जिद्दीतून १८०० साली त्याने धातूंच्या चकत्यांची चळत रचली, आणि जगाला पहिली बॅटरी मिळाली. गॅल्व्हानी त्याआधीच, १७९८ मध्ये, वारला होता. नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायचे नाकारल्यामुळे अखेरीस त्याची नोकरीही गेली होती. गंमत अशी, की दोघांचेही बरोबर होते. धातूंच्या जोडीतून वीज निघते, हे खरे. आणि प्राण्याच्या तंतूत स्वतःची वीज असते, हेही तितकेच खरे.

वीज जाते, एवढे कळले. पण मग पुढचा पेच. डोळ्याच्या तंतूतून वीज, कानाच्या तंतूतून वीज, पायाच्या तंतूतूनही वीजच. तर मेंदूने ओळखायचे कसे, की हा उजेड आणि हा चटका? तेव्हा बॉनला असलेल्या योहान्नेस म्युलर याने याचे उत्तर १८२६ साली दिले. तो म्हणाला, फरक आत येणाऱ्या गोष्टीत नाही, कोणत्या तंतूतून ती आली यात आहे. डोळ्याच्या तंतूला काहीही करा, त्याला उजेडच दिसणार. हे वाचून मी मोठ्याने हसलो. कारण हा सिद्धांत मराठी माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मास्तरांची थप्पड कानशिलावर बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. उजेड कुठे असतो तिथे? असतो तो नुसता धक्का. पण तो डोळ्याच्या वाटेने आला, म्हणून काजवे.

मी हे अण्णांना सांगितले. पाय उशीवर ठेवून ते पडले होते. म्हणाले, "त्यात नवल काय? आम्ही का पाकीट उघडून पाहत होतो? पाकिटं सगळी सारखीच. लग्न कुठलं नि मयत कुठलं, ते ज्याच्या दारात टाकलं त्याला कळायचं."

म्युलरला मात्र एका बाबतीत हार खावी लागली, आणि तीही आपल्याच शिष्याकडून. तंतूतून जाणारी बातमी इतकी झटपट जाते, की तिचा वेग माणसाला कधी मोजता येईल असे त्याला वाटत नव्हते. हेर्मान हेल्महोल्ट्झने १८५० साली तो मोजला. त्याची युक्ती शाळकरी मुलालाही समजावी अशी आहे. बेडकाच्या स्नायूकडे जाणाऱ्या तंतूला त्याने एकदा स्नायूजवळ विजेचा धक्का दिला, एकदा दूरवर दिला, आणि स्नायू आखडायला किती उशीर झाला यातला फरक टिपला. वेग निघाला सेकंदाला अवघा पंचवीस-तीस मीटर! आवाजाच्या वेगाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. हेल्महोल्ट्झचे वडील पॉट्सडॅमच्या शाळेत मास्तर होते. त्यांना प्रथम हे पटेना. मनात आले आणि शरीराने केले, यांत अंतर असते हे मानायला ते सहजासहजी तयार होईनात. मी स्वतः मास्तर असल्यामुळे मला त्यांची अडचण समजते. आपण जगतो तो क्षण 'आत्ता'चाच, असे आपण धरून चालतो. वास्तविक प्रत्येक जाणीव थोडी शिळी होऊनच आपल्यापाशी येते.

सगळे तंतू एका वेगाचे नसतात, हे पुढे अमेरिकेत अर्लँगर आणि गॅसर यांनी दाखविले. त्यांना १९४४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उंबऱ्याला अंगठा ठेचकाळला, की आधी लख्खकन एक कळ येते आणि मग, 'आता येणार, आता येणार' असे म्हणेपर्यंत, ती दुसरी, ठणकणारी, जीव नकोसा करणारी वेदना येते, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. ती दोन टपाले आहेत. पहिले आवरण असलेल्या तंतूंतून धावते. दुसरे बारीक, उघड्या तंतूंतून सेकंदाला मीटरभराच्या चालीने येते. पायापासून डोक्यापर्यंत दीड मीटर धरा, आणि हिशेब करून पाहा.

*

इथवर झाली तारेची गोष्ट. पण बातमी तारेत घालतो कोण? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांचे लक्ष कातडीकडे वळले. स्वीडनमधल्या मॅग्नुस ब्लिक्सने १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कातडीवर ठिकठिकाणी बारीक टोक टेकवून पाहिले, तेव्हा त्याला आढळले की कातडी सगळीकडे सारखी नाही. एका ठिपक्याला फक्त गारवा कळतो, दुसऱ्याला फक्त ऊब, आणि मधली जागा दोन्हींना बेखबर. जर्मनीत गोल्डशायडरने स्वतंत्रपणे हेच शोधले. माक्स फॉन फ्राय याने तर काडीच्या टोकाला निरनिराळ्या जाडीचे केस चिकटवले. केस कातडीवर दाबला की एका ठराविक जोराला तो वाकतो. त्याहून जास्त जोर तो लावूच शकत नाही. असे केस टेकवत टेकवत त्याने स्पर्शाचे आणि वेदनेचे ठिपके निराळे काढले. शिवाय त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली : गारव्याच्या ठिपक्याला चांगले पंचेचाळीस अंशांचे गरम टोक लावले, तर माणूस म्हणतो, 'गार लागले!' तिथे बसलेल्याला दुसरा शब्दच येत नाही.

फॉन फ्रायचा तो केस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. आता तो केस नसतो, नायलॉनची तार असते. दहा ग्रॅमच्या भाराला वाकेल अशी. डॉक्टरांनी ती अण्णांच्या बऱ्या झालेल्या तळव्यावर टेकवायला घेतली. म्हणाले, "अण्णा, डोळे मिटा. लागलं की 'हो' म्हणा." अण्णांनी डोळे मिटले. जरा वेळाने ते म्हणाले, "हो." पुन्हा थोड्या वेळाने, "हो." तिसऱ्यांदाही, "हो." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. तार त्यांच्या हातात होती; पायाला ती त्या तिन्ही वेळा लागलेलीच नव्हती. आणि लागत होती तेव्हा अण्णा गप्प होते.

वर्गात असा एखादा मुलगा असतो. 'समजले का?' म्हटले की तो सर्वांआधी 'हो' म्हणतो. त्याला फसवायचे नसते. त्याला नापास व्हायचे नसते. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

साखरेच्या दुखण्यात हे असेच होते, डॉक्टर म्हणाले. वर्षानुवर्षे रक्तात साखर वाढलेली राहिली, की ज्ञानतंतू आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या झिजत जातात. सर्वांत लांब तंतू आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. मोजा चढवावा तसा बधिरपणा वर चढतो. दुखत नाही, म्हणून माणूस तक्रार करीत नाही. आणि तक्रार नाही, म्हणून कोणी पाहत नाही.

*

तंतूतून जाणारे टपाल उघडून वाचण्याचा मान केंब्रिजच्या एडगर एड्रियनचा. त्याचे गुरू कीथ ल्यूकस १९१६ साली विमान अपघातात गेले. त्यांचे अपुरे काम एड्रियनने हाती घेतले. तंतूतली वीज इतकी क्षीण, की जुन्या उपकरणांना ती नीट कळत नसे. रेडिओच्या व्हॉल्व्हनी ती वाढवून पाहायची युक्ती एड्रियनने केली, आणि १९२५-२६ च्या सुमारास, स्वीडनहून आलेल्या झोटरमनच्या जोडीने, बेडकाच्या स्नायूतून येणाऱ्या एकाच ज्ञानतंतूचे बोलणे त्याने टिपले. स्नायूला हलके वजन लावले, तर ठोके सावकाश पडत. जड वजन लावले, तर भराभर. पण ठोका मात्र तेवढाच. मोठ्या दुखण्याला मोठा ठोका आणि लहान दुखण्याला लहान, असे नाहीच. आणि वजन तसेच राहू दिले, तर ठोके हळूहळू विरळ होत जात. नाकावरचा चष्मा विसरून आपण तो घरभर शोधतो, त्यातही असेच काहीसे घडते.

एकदा एड्रियनने भेकाच्या डोळ्याच्या तंतूला तारा जोडून ठेवल्या होत्या. खोलीत अंधार होता आणि ध्वनिवर्धकातून राहून राहून खरखर येत होती. कारण कळेना. शेवटी त्याच्या ध्यानात आले, की आपण हललो की खरखर होते. भेक त्याच्याकडे पाहत होता, आणि पाहिलेले कळवीत होता! एड्रियनला शेरिंग्टनसह १९३२ चे नोबेल मिळाले.

अण्णांच्या पोस्टात तारयंत्र होते. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा त्यांना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले होते. एड्रियनची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "तारेत रडणंही नसतं नि हसणंही नसतं. कट्ट आणि कडकट्ट एवढंच. पण लोक ऐकून रडायचे."

हा ठोका घडतो कसा, हे कळायला समुद्रातला एक प्राणी कामी आला. माखुल, म्हणजे स्क्विड, याच्या अंगात एक तंतू जवळजवळ मिलिमीटरभर जाडीचा असतो. आपल्या तंतूंच्या मानाने तो दोरखंडच. हॉजकिन आणि हक्सली या दोघा इंग्रजांनी १९३९ साली प्लिमथ येथे त्या तंतूच्या आत काचेची बारीक नळी सरकवून आतबाहेरच्या विजेतला फरक मोजला. काही आठवड्यांतच महायुद्ध पेटले आणि काम थांबले. पुढे १९५२ साली त्यांनी सारा हिशेब मांडला. केंब्रिजचे संगणकयंत्र तेव्हा बदलांसाठी बंद होते, म्हणून हक्सलीने हाताने दांडा फिरवायच्या आकडेमोडीच्या यंत्रावर तो केला. सोप्या भाषेत सांगायचे तर असे : तंतूच्या बाहेर सोडियमचे भारित कण दाटीने असतात, आत पोटॅशियमचे, आणि आतली बाजू बाहेरच्यापेक्षा व्होल्टच्या सुमारे सत्तर हजारांशांनी ऋण असते. हा फरक एका ठराविक पायरीपर्यंत कमी झाला, की तंतूच्या आवरणातली बारीक दारे उघडतात, सोडियम आत घुसतो, आणि क्षणभर सगळेच उलटे होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडून घडी पूर्ववत बसते. एवढ्याला सेकंदाचा हजारावा भाग, फार तर थोडा अधिक, पुरतो. पण तेवढ्यात शेजारच्या तुकड्याची दारे उघडलेली असतात, मग त्याच्या शेजारची. लवंगी फटाक्यांच्या माळेसारखे हे आहे. माळ उदबत्तीने पेटवा की पलित्याने, शेवटचा फटाका पहिल्याइतकाच वाजतो. फरक एवढाच, की ही माळ वाजून संपत नाही. पुढच्या क्षणी ती पुन्हा तयार असते. १९६३ साली या दोघांनाही नोबेल मिळाले.

आणि माळ पेटवणारी उदबत्ती? बर्नार्ड कॅट्झने १९५० मध्ये बेडकाच्या स्नायूतल्या ज्ञानतंतूच्या अगदी टोकाशी ती गाठली. स्नायू ताणला की त्या टोकापाशी आधी एक लहानसा विद्युत्‌बदल होतो. हा मात्र कमीजास्त होतो. जितका ताण तितका बदल. तो पायरीच्या वर गेला की ठोके सुरू होतात, आणि जितका वर जाईल तितके ते भराभर पडतात. म्हणजे जगाची भाषा ठोक्यांच्या भाषेत उतरते ती त्या टोकाशी. पण त्या टोकावर नेमके काय उघडते, हे कोडे आणखी जवळजवळ अर्धे शतक तसेच राहिले.

*

ते कोडे सोडवले मिरचीने!

मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली, त्याआधी आपले तिखट म्हणजे मिरे. आज ठेच्यावाचून आपले पान हलत नाही, आणि ठेचा खाल्ला की आपण म्हणतो, 'तोंड भाजलं.' भाजते काय? तोंडाचे तापमान तर वाढलेले नसते. मग कपाळावर घाम का? कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्यूलियस या शास्त्रज्ञाने हाच धागा पकडला. मिरचीतला तिखट पदार्थ, कॅप्सेसिन, ज्याला लागतो असा कोणीतरी तंतूच्या टोकावर असला पाहिजे. ज्ञानतंतूंच्या पेशींतले हजारो जनुकांचे तुकडे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मिरचीला दाद न देणाऱ्या पेशींत घातले, आणि कोणती पेशी तिखट लागून चमकते ते पाहिले. १९९७ साली तो एक जनुक सापडला. त्यापासून घडणारे प्रथिन म्हणजे तंतूच्या आवरणातले एक दारच होते. आणि ते केवळ मिरचीने नव्हे, तर सुमारे ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडत होते! भाजणे आणि झोंबणे, दोन्ही एकाच दारातून आत येतात. मेंदूपर्यंत चटक्याचीच तार जाते, म्हणून तो बिचारा घाम सोडून अंग गार करू लागतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. तेव्हा ठेच्यावर तुपाची धार सोडणाऱ्या आपल्या आज्या काही चुकत नव्हत्या. पक्ष्यांच्या अंगातल्या याच दाराची घडण थोडी निराळी असते, तिथे कॅप्सेसिनची किल्ली लागत नाही. म्हणून आपला पोपट लवंगी मिरची खुशाल सोलून खातो आणि वर आपल्याकडे पाहून शीळ घालतो.

पुदिन्याच्या अर्काने उघडणारे गारव्याचे दार २००२ साली सापडले. ते ज्यूलियसने शोधले, आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे आर्डेम पाटापूटियन यानेही. हा बैरुतमध्ये जन्मलेला आर्मेनियन. घरी युद्ध पेटलेले असताना १९८६ साली तरुणपणीच अमेरिकेला आलेला. त्याला स्पर्शाचे दार हवे होते. टोचले की विजेचा झटका देणाऱ्या पेशी त्याच्या प्रयोगशाळेने घेतल्या, ७२ जनुकांची यादी केली, आणि एकेक जनुक बंद करून पेशी पुन्हा टोचून पाहायची, असे चालवले. एकाहत्तर जनुकांनी दाद दिली नाही. बहात्तरावा बंद केला, आणि पेशी मुकी झाली! २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या शोधाला त्यांनी दाबाचा अर्थ असलेला ग्रीक शब्द घेऊन 'पिएझो' हे नाव दिले. पेशीचे आवरण दाबले वा ताणले गेले की हे दार उघडते. त्याच्या जोडीच्या दुसऱ्या दाराचा जनुक जन्मतः बिघडलेली काही थोडी माणसे आहेत. डोळे मिटले की आपला हात कुठे आहे, हे त्यांना नीट सांगता येत नाही. ज्यूलियस आणि पाटापूटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले. देकार्तच्या दोरीपासून इथवर यायला साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी होते. त्या पहाटे बंबातले पाणी ४३ अंशांच्या कितीतरी वर होते. पण ते दार ज्या तंतूंच्या टोकावर असते, ती टोकेच अण्णांच्या पायात झिजून गेली होती. टपाल वाटेत हरवले नव्हते. ते लिहिणाराच कोणी उरला नव्हता.

वेदना नसावी, असे आपण देवाजवळ मागतो. ती नसली म्हणजे काय होते, हे कुष्ठरोग्यांनी भोगले आहे. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सनला त्या रोगाचा जंतू दिसला. तरीही हातापायांची बोटे त्या रोगानेच झडतात, अशी समजूत पुढे फार काळ राहिली. वेल्लोरला १९४६ साली आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की जंतू मारतो ते ज्ञानतंतूंना. बोटे जातात ती न कळलेल्या जखमांनी आणि चटक्यांनी. काही रोग्यांची बोटे तर रात्री झोपेत उंदीर कुरतडत, आणि त्यांना जाग येत नसे. तेव्हा रोग्यांना मांजरे देण्यात आली. ब्रँड यांनी शस्त्रक्रियांइतकेच महत्त्व साध्या गोष्टींना दिले : मऊ तळाच्या चपला, आणि रोज डोळ्यांनी हातपाय तपासणे. ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी डोळ्यांनी पाहायचे. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, त्याची थोरवी मला शाळेत भाषणापुरती ठाऊक होती. बधिर पायाची जखम रोज रात्री धुऊ लागल्यावर ती थोडी अधिक कळली.

आता रोज झोपण्यापूर्वी अण्णांचे तळवे दिव्याखाली पाहणे हे माझे काम आहे. बोटांच्या बेचक्यांतून पाहायचे, टाचेवर भेग नाही ना पाहायचे, चपलेत खडा नाही ना ते झटकून पाहायचे. सुरुवातीला अण्णांना संकोच वाटे. मुलाने पायाला हात लावायचा तो नमस्कारापुरता, असे ते मानणारे. हल्ली ते स्वतःच पाय पुढे करतात आणि म्हणतात, "बघ रे, आज काही टपाल आहे का."

विसण घालायचे राहिले, ही चूक माझी होती. त्याबद्दल अण्णांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. मीही तो विषय काढला नाही. पण गेल्या दिवाळीच्या पहाटे बंब पेटला, घंगाळ भरले, आणि मी काही करण्याआधीच अण्णांनी पाटावर बसून बाही मागे सारली आणि कोपर पाण्यात बुडवले. तान्ह्या बाळाच्या अंघोळीआधी बायका बुडवतात तसे. कोपराचे तंतू आखूड. त्यांचे टपाल अजून वेळेवर येते. अण्णा क्षणभर थांबले, मग नातीकडे पाहून म्हणाले,

"कढत आहे. आणखी दोन तांबे विसण घाल ग."